बीअरच्या जुन्या टिपणवह्या आणि त्यांत न लिहिलेलें पाणी

जुन्या कागदपत्रांशीं ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांस हें ठाऊकच आहे कीं, जें सर्वांस माहीत आहे असें लेखकास वाटतें तें तो लिहीत नाहीं, आणि कालांतरानें नेमकें तेंच कोणास माहीत नसतें. पाककृतींच्या व औषधिकल्पांच्या पोथ्यांत हा अनुभव पदोपदीं येतो. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत मेदक नांवाच्या मद्याची कृति दिली असून एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असें मान सांगितलें आहे. पाणी किती तें कळलें. पाणी कोणतें तें कळलें नाहीं. इंग्लंडांतील बीअर करणाऱ्यांच्या टिपणवह्यांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. माल्ट किती, हॉप किती, पाणी किती अंशांपर्यंत तापविलें, या साऱ्यांची नोंद सांपडते. परंतु विहिरींतील पाण्यांत काय विरघळलेलें होतें याविषयीं वही मूक असते. या मौनाची भरपाई कशी करावी, म्हणजे हातीं असलेलें पाणी कसें तपासावें, तें जुन्या पाण्याजवळ कितपत नेतां येतें, आणि त्या कामीं छापील कोष्टकांवर विश्वास किती ठेवावा, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक खुलासा करणें अवश्य आहे. अशा वह्यांवरून जुनी बीअर घरीं पुनः तयार करून पाहण्याचा नाद विलायतेंत व अमेरिकेंत आज पुष्कळांस आहे. इंग्लंडांत १९६३ पासून घरगुती बीअरला परवाना लागत नाहीं, व अमेरिकेंत १९७८ च्या कायद्यानें तशी मोकळीक मिळाली. आमच्या राज्यांत परवान्यावांचून मद्य तयार करणें १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें निषिद्ध आहे. तेव्हां येथील वाचकांस हें विवेचन ग्रंथार्थ लावण्यापुरतेंच उपयोगी. पण तेवढ्यापुरतें तें खात्रीनें उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें.

वही हातीं घेतांच दोन ठिकाणीं ठेंच लागते. इंग्रज बीअरवाले आपल्या धंद्याच्या भाषेंत पाण्यास पाणी म्हणत नाहींत, ‘लिकर’ म्हणतात. हा शब्द पाहून येथें कांहीं कडक दारू ओतली असावी असा अर्थ करणारा वाचक सबंध पान चुकीचें वाचील. दुसरें मापाचें. १८२४ च्या कायद्यानें इंग्लंडांत एकच इंपीरियल गॅलन ठरला. तो सुमारे ४.५५ लिटरांचा. त्यापूर्वीं बीअरचा गॅलन २८२ घन इंचांचा, म्हणजे सुमारे ४.६२ लिटरांचा असे. फरक थोडा आहे, पण तारीख न पाहतां माप घेणें ही संवयच वाईट.

आतां पाण्याचें कार्य. बीअर म्हणजे आमच्या जुन्या भाषेंत यवसुरा. जवास मोड आणून तो भट्टींत वाळवितात, यास माल्ट म्हणतात. त्याचा भरडा कढत पाण्यांत तासभर मुरत ठेवला म्हणजे धान्यांतील पिठूळ द्रव्याची साखर होते. हा गोड काढा निथळून, हॉपचीं फुलें घालून उकळतात, व निवल्यावर किण्व घालून आंबवितात. यांपैकीं पाण्याच्या गुणावर सर्वांत अधिक अवलंबून असणारी पायरी म्हणजे भरडा मुरण्याची. माल्टांतील जीं द्रव्यें पिठाची साखर करतात त्यांस किंचित् अम्ल स्थिति मानवते. तें अम्लत्व मोजण्याचें जें पी. एच्. नांवाचें मान आहे, त्यावर भरडा ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असावा, असा अनुभव आहे. पी. एच्. हें मानही बीअरच्याच घरीं जन्मलें. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत सोरेन्सन या रसायनज्ञानें तें १९०९ सालीं मांडलें. त्याच वर्षीं म्हैसुरास शामशास्त्री यांनीं अर्थशास्त्राची मूळ संहिता छापून प्रसिद्ध केली. या दोहोंचा परस्पर संबंध कांहीं नाहीं, पण आमच्या टिपणांत दोन्ही नोंदी एकाखालीं एक आल्या म्हणून सांगितलें.

पाण्यांत दोन पक्ष एकमेकांविरुद्ध झगडत असतात. कॅल्शियम, व कांहींसें कमी प्रमाणांत मॅग्नेशियम, माल्टांतील फॉस्फेटांशीं मिळून सांका धरतात व त्या क्रियेंत अम्ल मोकळें होतें. उलट बायकार्बोनेट अम्ल खाऊन टाकतें. पाण्याच्या या शक्तीस अल्कता म्हणतात. ज्या पाण्यांत अल्कता फार, त्यांत फिक्या माल्टचा भरडा हवा तितका अम्ल होत नाहीं, काढा गढूळ व तुरट उतरतो. काळपट भाजलेलें माल्ट मात्र स्वतःच अम्ल असतें, म्हणून तें अल्क पाण्यास पुरून उरतें. खडूच्या थरांतील पाणी वापरणाऱ्या लंडनांत काळी पोर्टर कां नांवाजली, आणि १८४२ सालीं योसेफ ग्रोल या बव्हेरियन कसबी माणसानें बोहेमियांतील पिल्सेन येथें केलेली सोनेरी बीअर तेथेंच इतकी कां साधली, याचें बरेंचसें उत्तर यांत आहे. पिल्सेनचें पाणी विलक्षण हलकें. लिटरमागें कॅल्शियम जेमतेम १० मिलिग्रॅम व बायकार्बोनेटही तसेंच थोडें. भूमीप्रमाणें पाण्याचा रस बदलतो हें सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत द्रवद्रव्यांच्या अध्यायांत सांगितलेंच आहे. तेथें तें आरोग्यासाठीं सांगितलें, येथें तें व्यापारांत दिसून आलें.

व्यापाराचा सर्वांत ठळक दाखला बर्टन-अपॉन-ट्रेंटचा, आणि त्याचा धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून इकडे येणारी फिकी बीअर प्रथम मुख्यतः लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या कारखान्याची असे. १८२२ सालीं कंपनीचे एक संचालक मार्जोरिबँक्स यांनीं बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉप यांस तशी बीअर करून पाहण्याची सूचना केली, व पुढच्याच वर्षीं बर्टनचा माल कलकत्त्याच्या वाटेस लागला. थोड्याच वर्षांत त्यानें बोच्या मालास मागें टाकलें. बर्टनच्या विहिरी जिप्समच्या थरांतून पाणी घेतात. त्यामुळें त्यांत कॅल्शियम व सल्फेट दोन्हीं भरपूर. सल्फेटानें हॉपचा कडवटपणा कोरडा व स्पष्ट लागतो, आणि कॅल्शियमानें बीअर लवकर निवळते. हॉपबहुल फिकी बीअर करण्यास याहून अनुकूल पाणी मिळणें कठीण.

या जिप्समवरून एक खटलाही झाला. उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या लंडनच्या एका प्रसिद्ध मंडळानें आपल्या पुस्तिकेंत बर्टनवाले बीअरमध्यें भेसळ करतात असा आरोप छापला. त्यावर १८३० च्या सुमारास बर्टनवाले न्यायासनापुढें गेले. आपण माल्ट, हॉप व पाणी यांखेरीज कांहीं घालीत नाहीं असें त्यांचें म्हणणें होतें, आणि जिप्सम विहिरींच्या पाण्यांतच आहे हें त्या निमित्तानें उघड झालें. हें कळल्यावर इतर गांवच्या बीअरवाल्यांनीं पाण्यांत जिप्सम घालण्यास आरंभ केला, व या संस्कारास ‘बर्टनायझिंग’ असें नांवच पडलें. जी गोष्ट आधीं भेसळ म्हणून निंदिली गेली तीच पुढें शास्त्र म्हणून शिकविली गेली, ही मौजेची गोष्ट खरीच.

येथवर सरळ आहे. अडचण पुढें येते. बर्टन, लंडन, डब्लिन, पिल्सेन, म्यूनिक अशा गांवांच्या पाण्याचीं कोष्टकें घरगुती बीअरच्या पुस्तकांत सर्रास छापलेलीं असतात, आणि हौशी माणूस आपल्या पाण्यांत क्षार घालून तें आकडे न् आकडे जुळवूं पाहतो. हीं कोष्टकें आम्हीं पाहिलीं तेव्हां आमच्या मनांत पहिला विचार आला तो हा कीं, हीं सर्व नकलांवरून केलेल्या नकला आहेत. एका कोष्टकांत बर्टनचें कॅल्शियम २९५ व सल्फेट ७२५ मिलिग्रॅम आहे, दुसऱ्यांत तेंच ३५२ व ८२० आहे. कोणत्या विहिरीचें, कोणत्या सालचें, कोणीं तपासलें, याचा पत्ता नाहीं. पोथीवर लेखनकाल व लेखकाचें नांव नसेल तर आम्ही तिच्याकडे ज्या नजरेनें पाहतों, त्याच नजरेनें यांकडे पाहिलें पाहिजे.

सुदैवानें रसायनशास्त्र येथें पाठशुद्धीचें एक साधन देतें, आणि तें पोथ्यांच्या बाबतींत लाभत नाहीं. पाण्यांतील धन व ऋण भार समान असलेच पाहिजेत. म्हणून प्रत्येक घटकाचा आंकडा त्याच्या तुल्यभारानें भागावा: कॅल्शियम २० नें, मॅग्नेशियम १२ नें, सोडियम २३ नें; उलट बाजूस बायकार्बोनेट ६१ नें, सल्फेट ४८ नें, क्लोराइड ३५.५ नें. दोन्ही बेरजा जुळल्या नाहींत तर पाठ भ्रष्ट आहे. समजा, एका कोष्टकांत कॅल्शियम १००, मॅग्नेशियम १२, सोडियम २३, सल्फेट ४८, क्लोराइड ३५ व बायकार्बोनेट २५० आहे. पहिल्या बाजूची बेरीज ७ येते, दुसरीची ६.१. चूक कोठें? बायकार्बोनेटचा २५० हा आंकडा वस्तुतः कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपानें दिलेली अल्कता असावी असें धरलें, तर तो ६१ ऐवजीं ५० नें भागावयाचा. भागाकार ५ येतो व दोन्ही बाजू ७ वर जुळतात. मूळ तपासनिसानें ‘अल्कता’ लिहिलें होतें, नक्कल करणाऱ्यानें ‘बायकार्बोनेट’ केलें. हा लेखकप्रमाद फार आढळतो. दुसरा असाच प्रमाद सल्फेटाचा. कांहीं प्रयोगशाळा सल्फेटांतील केवळ गंधकाचें वजन देतात. त्यास तिपटीनें गुणिल्यावांचून सल्फेट मिळत नाहीं.

जुन्या तपासण्यांत याहून खोल एक खळगा आहे. एकोणिसाव्या शतकांतील रसायनज्ञ आजच्याप्रमाणें घटक सुटे देत नसत. ‘चुन्याचें सल्फेट इतके ग्रेन, मॅग्नेशियाचें कार्बोनेट इतके ग्रेन’ अशा रीतीनें संयोग करून देत. पाण्यांत हे घटक वास्तविक सुटेच असतात. कोणता कोणाशीं जोडावा हें तपासनिसाच्या मताचें असे. यामुळें एकाच पाण्याच्या दोन प्रामाणिक तपासण्या दोन निराळ्या पाण्यांच्या वाटतात. संयोग मोडून घटक वेगळे केले म्हणजे त्या एकरूप दिसूं लागतात. परिमाणाचाही घोळ आहेच. इंपीरियल गॅलनमागें एक ग्रेन म्हणजे लिटरमागें सुमारे १४.३ मिलिग्रॅम, अमेरिकन गॅलन लहान, म्हणून तेथला ग्रेन १७.१ मिलिग्रॅम भरतो. काठिण्याचा इंग्रजी, म्हणजे क्लार्कचा, अंश १४.३ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटचा, फ्रेंच अंश १० चा व जर्मन १७.८ चा. अंश म्हटल्यावर कोणाचा अंश हें विचारावेंच लागतें.

आकडे शुद्ध असले तरी ते त्या बीअरचेच आहेत असें होत नाहीं. डब्लिनचें पाणी म्हणून जें अतिकठीण पाणी कोष्टकांत दिलें जातें त्यावरून गिनेसच्या काळ्या बीअरचा उलगडा करण्याचा प्रघात आहे; परंतु त्या कारखान्याचें पाणी विक्लोच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांतून येतें व तें मृदु असतें. तसेंच, विहिरींतलें पाणी आणि भरड्यांत पडलेलें पाणी एक नव्हे. कढईंत पाणी तापवितांनाच बायकार्बोनेटचा मोठा भाग खडू होऊन तळाशीं बसतो. कोष्टक विहिरीचें आहे, बीअर कढईच्या पाण्याची झाली. सबब बर्टनचा ३०० बायकार्बोनेटचा आंकडा आपल्या पाण्यांत खडू कालवून मुद्दाम गांठणें, जें कित्येक हौशी लोक करतात, तें आम्हांस साफ चुकीचें वाटतें.

आतां आपलें पाणी तपासण्याविषयीं. आमच्याकडे ज्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं व साबणास फेस येत नाहीं त्यास जड पाणी म्हणतात, आणि शालेय पुस्तकांत त्यासच ‘दुष्फेन’ असा सुंदर शब्द आहे. ॲबर्डीनच्या टॉमस क्लार्कची साबणाची परीक्षा हीच. मापून घेतलेल्या पाण्यांत ठराविक बळाचें साबणाचें द्रावण थेंब थेंब टाकून हलवावयाचें व फेस टिकेपर्यंत किती लागलें तें पाहावयाचें. चुन्यानें पाणी मृदु करण्याच्या त्याच्या कृतीचें पेटंट १८४१ चें आहे. आज काठिण्य ई. डी. टी. ए. या द्रव्यानें मोजतात. दर्शक घातलेलें पाणी द्राक्षासवाच्या तांबड्या रंगाचें असतें, तें निळें झालें कीं थांबावयाचें. अल्कता मोजण्यास ठाऊक बळाचें अम्ल व मिथिल ऑरेंज लागतें. पिवळा रंग तांबूस झाला कीं झालें. क्लोराइडास सिल्व्हर नायट्रेट, सल्फेटास बेरियम क्लोराइडानें येणारा पांढरा गढूळपणा. हीं सर्व द्रव्यें लहान पेट्यांत बांधून विकत मिळतात, आणि शाळेच्या प्रयोगशाळेंत ज्यानें ब्युरेट हातीं धरली आहे त्यास एवढें अवघड नाहीं. पाण्यांत बुडवितांच एकच आंकडा दाखविणारें टी. डी. एस्. चें खिशांतील यंत्र मात्र येथें निरुपयोगी. पुस्तकाचें वजन सांगितल्यानें त्यांत काय लिहिलें आहे तें कळत नाहीं.

काठिण्य व अल्कता हे दोन आंकडे मिळाले म्हणजे अर्धें काम झालें. पॉल कोल्बाख या जर्मन संशोधकानें १९५३ सालीं त्यांचा संबंध एका सूत्रांत बसविला. अल्कतेंतून कॅल्शियमचा १.४ वा भाग व मॅग्नेशियमचा १.७ वा भाग वजा करावा, राहील ती शेष अल्कता. यांत अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपानें व बाकीचे दोन मिलिग्रॅमांत घ्यावयाचे. फिक्या बीअरला शेष अल्कता शून्याच्या आसपास किंवा खालीं हवी. काळीस शंभराच्या आसपासही चालते.

एक उदाहरण घेऊं. दख्खनच्या काळ्या पाषाणांतील विहिरींचें पाणी बहुधा कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट यांचें असतें. समजा, अशा पाण्यांत कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २४ व अल्कता २५० आहे; इतर घटक हिशेबाच्या सोयीसाठीं सोडूं. शेष अल्कता १९३ येते, म्हणजे बर्टनची बीअर यांत होणें नाहीं. उकळून पाहावें तर कॅल्शियमाबरोबरचें बायकार्बोनेट खालीं बसेल, मॅग्नेशियमाबरोबरचें बहुतेक तसेंच राहील. चुन्याची निवळी घालूनही अल्कता उतरते, पण मात्रा अचूक पाहिजे. सोपा मार्ग म्हणजे निम्में ऊर्ध्वपातित पाणी मिसळावें. आतां कॅल्शियम ३०, मॅग्नेशियम १२, अल्कता १२५, शेष ९६. मग लिटरमागें ०.४ ग्रॅम जिप्सम, म्हणजे २० लिटरांस ८ ग्रॅम, घातलें तर कॅल्शियम ९३ नें व सल्फेट २२३ नें वाढतें, आणि शेष अल्कता ३० वर येते. उरलेल्यासाठीं ८८ टक्के बळाचें लॅक्टिक अम्ल २० लिटरांस सुमारे १.७ मिलिलिटर घातलें कीं ती शून्याखालीं २० पर्यंत जाते. पाण्याचा पी. एच्. पाहात बसूं नये. भरड्याचा पाहावा, आणि तोही थोडा काढा बाहेर काढून, निववून. कढत काढ्यांत खरा आंकडाच सुमारे ०.३ नें खालीं असतो, व दिलेल्या मर्यादा निवलेल्या काढ्याच्या आहेत.

सल्फेट ७०० पर्यंत चढवावें काय? आम्ही म्हणूं, नाहीं. दोन कोष्टकांत शंभराचा फरक असतां त्यांतील एकाचा शेवटचा आंकडा गांठण्यांत अर्थ नाहीं. वरील उदाहरणाप्रमाणें दोनशेंच्या पुढें गेलें कीं बर्टनची दिशा स्पष्ट होते. संपादक तुटलेल्या ओळींत जितकें अक्षर निश्चित तितकेंच कंसांत भरतो, तीच मर्यादा येथें पाळावी. माल्टाचा भरीवपणा हवा असेल तेथें जिप्समाऐवजीं कॅल्शियम क्लोराइड घेतात. मॅग्नेशियमासाठीं एप्समचें मीठ सांगितलेलें असतें, पण काळ्या पाषाणाच्या पाण्यांत तें पुरेसें असतेंच, आणि तें जुलाबाचें औषध आहे हेंही विसरूं नये.

नळाचें पाणी घेतल्यास या सर्वांआधीं त्यांतील क्लोरीन घालविला पाहिजे, नाहींतर धान्यांतील द्रव्यांशीं तो मिळून बीअरला औषधी वास येतो. निव्वळ क्लोरीन उकळण्यानें जातो. क्लोरामिन सहजीं जात नाहीं. त्यास मेटाबायसल्फाइटची एक कॅम्डन गोळी सुमारें ७५ लिटरांस पुरते. जुन्या वह्यांच्या काळीं हा प्रश्नच नव्हता.

ज्यांच्या संग्रहांत अशी एखादी वही असेल किंवा पुढें येईल, त्यांनीं सूचींत तिची नोंद करतांना पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात अशी आमची विनंति आहे. कारखाना कोणत्या गांवीं, व पाणी विहिरीचें, नदीचें कीं पावसाचें. ‘लिकर’ आदल्या दिवशीं उकळून ठेवल्याचा उल्लेख आहे काय. गॅलन १८२४ पूर्वींचा कीं नंतरचा. आणि समासांत जिप्सम, चुना किंवा मीठ यांचें वजन एखाद्या निराळ्या हातानें लिहिलेलें आहे काय. असा समासांतील आंकडा पुष्कळदां केवळ किराण्याचा हिशेब समजून नकलेंत गाळला जातो.